ठोकून बसवलेला पत्ता

तारवाले गेले, तेव्हा वसाहतीतल्या निम्म्या लोकांच्या प्रथमच लक्षात आलं की त्यांच्या धंद्यात तार जवळजवळ नव्हतीच. धंदा बिनतारी इंटरनेटचा. उतारावरच्या त्या घरांकडे मोठ्या कंपन्या ढुंकून पाहत नव्हत्या, त्या काळात त्यांनी सगळ्यांत वरच्या घराच्या गच्चीवर एक खांब उभा केला, खांबावर अँटेना चढवल्या आणि खालच्या एकेका छपरावर थाळीएवढा पांढरा डबा बसवून घरोघर इंटरनेट पोचवलं. पण त्याआधी ते लोकांच्या दारावरच्या घंट्यांच्या तारा दुरुस्त करत. नाव तेव्हा पडलं ते पडलं.

त्यांची मुलगी कॉलेज संपल्यापासून त्यांच्याबरोबर शिड्या चढत होती. तिला सगळे ‘तारवाल्यांची मुलगी’ म्हणत. तिलाही त्यात कधी काही खटकलं नाही. वडील असेपर्यंत माणसाला वेगळ्या नावाची निकड भासत नाही.

समाचाराला येणारी माणसं दारातून आत येताना गंभीर असत, खुर्चीत बसल्यावर हळहळत, आणि पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता विचारत, “बाकी, नेट जरा हळू चाललंय का गं हल्ली?”

“जाताना थोडं बरोबर नेलं असेल ह्यांनी,” आई म्हणायची. पाहुणा हसावं की नाही या पेचात पडायचा आणि लवकर उठायचा. आईला तेच हवं असायचं.

मग एका शनिवारी सकाळी मुख्य राउटर जळाला. हा राउटर वरच्या घराच्या जिन्याच्या टोकाला, एका अडगळीच्या खोलीत भिंतीवर बसवलेला होता. सगळ्या वसाहतीची ये-जा त्याच्यातून व्हायची. घर वसाहतीच्या अध्यक्षांचं. समितीचे अध्यक्ष ते इतकी वर्षं होते, की त्यांची बायकोसुद्धा त्यांना अध्यक्षच म्हणे, फक्त वेगळ्या सुरात.

मुलीने दुकानातून नवा राउटर आणला. जुन्याच्या सगळ्या सूचना तिने आधीच साठवून ठेवल्या होत्या, त्या जशाच्या तशा नव्यात भरल्या. तोच पत्ता, तेच रस्ते, तेच नियम. दिवे हिरवे झाले. हात झटकून ती जिना उतरली आणि खाली येईपर्यंत फोन सुरू झाले.

गंमत अशी, की वसाहतीच्या खालच्या अंगाला नंतर बांधलेली सगळी नवी घरं व्यवस्थित चालू होती. बंद होती ती जुनी घरं. ज्यांनी तारवाल्यांवर पहिल्यांदा विश्वास टाकला, ज्यांनी छपराला भोक पाडू दिलं, नेमके तेच अंधारात. अध्यक्षांचं घरही त्यांत.

“वेळ तर बघ काय साधलीय,” अध्यक्ष म्हणाले. “उद्या सकाळी बैठक आहे.”

बैठकीचं तिला माहीत होतं. कंपनीचा एक टायवाला माणूस पंधरवडाभर वसाहतीत फिरत होता. तारवाल्यांचं नेट ठेवायचं की कंपनीला वाट मोकळी करून द्यायची, एवढाच विषय होता. कंपनीला वाट दिली असती, तर तिच्याकडे वडिलांच्या शिड्या राहिल्या असत्या आणि चढायला छप्पर नसतं.

ती परत वर गेली आणि रस्ते तपासायला बसली. कुठल्या घराकडे जाणारा मजकूर कुठून वळायचा, याची यादी राउटरमध्ये असते. तीत काही चूक नव्हती. तिने ओळ अन् ओळ जुन्याशी ताडून पाहिली. मग राउटर बनवणाऱ्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलाने अत्यंत आपुलकीने सांगितलं, “मॅडम, एकदा बंद करून चालू करा.”

“केलाय.”

“मग पुन्हा एकदा करा.”

तिने पुन्हा केला. मुलाने तिचे आभार मानले आणि या संभाषणाला पाचपैकी किती तारे द्याल, असं विचारलं.

मग तिने लॅपटॉप त्याच जोडणीत खुपसला आणि लॅपटॉपवरूनच जुन्या घरांच्या डब्यांना हाक दिली. तर डब्यांनी लगेच ओ दिली. सगळ्यांनी. राउटरवरून हाक मारली, की चिडीचूप. म्हणजे डबे जिवंत, हवा स्वच्छ, अँटेना धड. जुनी घरं फक्त नव्या राउटरशी बोलायला तयार नव्हती. घरात आलेल्या नव्या सुनेशी अबोला धरावा तशी.

असं का होतं हे तिला ठाऊक होतं, किंवा तिला तसं वाटत होतं. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात. एक पत्ता, जो माणूस देतो आणि माणसाला बदलता येतो. दुसरी जन्मखूण, म्हणजे कारखान्यातच अंगावर कोरलेला आकडा. कुठलंही यंत्र काही धाडण्याआधी चारचौघांत विचारतं, हा पत्ता कुणाचा? ज्याचा असेल तो आपली जन्मखूण सांगतो. विचारणारा ती थोडा वेळ लक्षात ठेवतो, मग विसरतो आणि पुन्हा विचारतो. विसरण्याची वेळसुद्धा ठरलेली असते. यंत्रांचं बरं असतं.

तेव्हा जुन्या डब्यांना अजून जळालेल्या राउटरची जन्मखूण आठवत असणार, आणि त्याच्या नावाने ते मजकूर धाडत असणार, जो कुणीच उचलत नव्हता. उपाय सोपा. डबे बंद करून चालू केले की आठवण पुसली जाते. मदत केंद्रातल्या मुलाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, फक्त यंत्र चुकलं होतं. तिने घरोघर फोन करून डबे बंद-चालू करायला लावले. दुपार त्यातच गेली. काही फरक पडला नाही.

शेवटी ती शिडी घेऊन शिवणवाल्या काकूंकडे गेली. काकूंचं घर वसाहतीतलं तारवाल्यांचं पहिलं गिऱ्हाईक. काकू मशीन थांबवून बाहेर आल्या.

“तुझे बाबा असते तर एव्हाना झालं असतं,” त्या म्हणाल्या. मग जीभ चावून, “म्हणजे तुझंही होईल गं. सावकाश कर. फक्त पाचच्या आत कर, मला बाहीचा कट बघायचाय त्या व्हिडिओत.”

वडिलांनी जुन्या डब्यांत हवेतून शिरायची सोय बंद करून ठेवली होती. वायर जोडल्याशिवाय आत जाता येत नसे. छपरावर उकिडवं बसून तिने लॅपटॉपची वायर डब्याला जोडली आणि त्याने लक्षात ठेवलेल्या जन्मखुणांची यादी उघडली. प्रत्येक ओळीपुढे तिचं उरलेलं आयुष्य होतं, सेकंदा-सेकंदाने घटणारं. एका ओळीपुढे मात्र आकडा नव्हता. तिथे ‘कायम’ असं लिहिलं होतं. मुख्य राउटरचा पत्ता, आणि त्यासमोर जळालेल्या राउटरची जन्मखूण.

ती बघत राहिली. ही आठवण नव्हती, हुकूम होता. कुणीतरी हाताने लिहून ठेवला होता, की हा पत्ता याचाच, कुणाला विचारायचं नाही, कुणी दुसरं सांगितलं तरी ऐकायचं नाही. बंद करा, चालू करा, डबा उठला की पहिल्यांदा हेच वाचणार. आणि हे लिहू शकणारा माणूस वसाहतीत एकच होता.

शेजारच्या छपरावर तेच. त्याच्या पलीकडे तेच.

वडिलांनी तिला गाठी मारायला शिकवल्या होत्या, वाऱ्याकडे पाठ करून अँटेना कशी फिरवायची ते शिकवलं होतं, गिऱ्हाईक खोटं बोलतंय हे आवाजावरून कसं ओळखायचं तेही. हे मात्र कधी बोलले नाहीत. छपरावर बसल्या बसल्या तिला त्यांचा राग आला. गेल्यापासून पहिल्यांदाच आला, आणि जरा बरं वाटलं.

घरी आई भाजी निवडत होती.

“बाबांनी सगळ्या जुन्या डब्यांमध्ये राउटर ठोकून बसवलाय,” मुलगी म्हणाली. “खिळा मारावा तसा. का केलं असेल असं?”

आईने देठ मोडला. “ते होय. तो जावयाचा डबा.”

“कुठल्या जावयाचा?”

“अध्यक्षांच्या. तू परीक्षेला मावशीकडे होतीस तेव्हा. अध्यक्षांच्या जावयाने त्यांना एक भारी राउटर आणून दिला भेट म्हणून. अध्यक्षांनी तो स्वतःच्या हाताने जोडला, आणि वायर घातली भलत्याच भोकात. त्या डब्याचा पत्ता आणि ह्यांच्या राउटरचा पत्ता नेमका एक. झालं. सगळ्या वसाहतीचं नेट अध्यक्षांच्या शोकेसमध्ये जाऊन बसायला लागलं.”

“मग बाबांनी त्यांना सांगायचं ना, वायर काढा म्हणून.”

“मीही तेच म्हटलं. तोंडावर सांगा म्हटलं, दोन बोटांचं काम आहे. तर म्हणाले, जावयाने आणलेली वस्तू, चारचौघांत त्यांनी कौतुक केलंय, त्यांना काय वाटेल? मग शिडी घेऊन निघाले. दिवसचे दिवस छपरांवर होते उन्हात. एकेका डब्याला शिकवून आले, की दुसऱ्याचं ऐकायचं नाही. नंतर जी घरं आली त्यांना सरळ वेगळाच पत्ता दिला. आणि अध्यक्षांना दुसरा एक डबा बसवून दिला, म्हणाले रेंज वाढेल. त्या भारी डब्याचे दिवे तेवढे लागतात. काम शून्य.”

“एवढी भीड?” मुलगी म्हणाली.

“माझ्याशी लग्नसुद्धा भिडेपोटीच केलं,” आई म्हणाली. “नाही म्हणवलं नाही म्हणून. बरं झालं म्हणा.”

सगळ्या छपरांवर चढून ते खिळे उपटायला बरेच दिवस लागले असते, आणि बैठक दुसऱ्या दिवशी होती. तेव्हा मुलीने झटपट उपाय केला. जन्मखूण कारखान्यात कोरली जाते खरी, पण राउटरला सांगता येतं, की तू आपली सांगू नकोस, दुसऱ्याची सांग. तिने नव्या राउटरला जळालेल्या राउटरची जन्मखूण देऊन टाकली. क्षणात जुनी घरं बोलू लागली. त्यांना वाटलं, तोच परत आला. उजेड मावळायच्या आत काकूंना बाहीचा कट दिसला.

दुसऱ्या दिवशीची बैठक वसाहतीच्या वाचनालयात भरली. टायवाला पहिल्या खुर्चीत होता.

“सर, आमचं फायबर आलं की हे छपरावरचे डबे वगैरे इतिहासजमा,” तो म्हणाला.

“कधी येणार?” निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं.

“प्रोसेसमध्ये आहे.”

“आमचा रस्तापण प्रोसेसमध्ये आहे. माझे केस काळे होते तेव्हापासून.”

हशा पिकला. मग पोस्टमास्तर उभे राहिले आणि गंभीर झाले. “काल सकाळी नेट बंद पडलं, संध्याकाळी आपोआप सुरू झालं. याला म्हणतात काम. माणूस गेला, पण त्याने उभं केलेलं स्वतःला सावरून घेतं. माझं मत आहे, तारवाल्यांचंच नेट राहू दे. फक्त एक अट, त्यांच्या मांडणीला कुणी हात लावायचा नाही. मुलीने लक्ष ठेवावं. लक्षच फक्त.”

माना डोलल्या. काही डोळे ओलेही झाले. काम तिच्याकडे राहिलं होतं, आणि तरी तिच्या हाती काहीच आलं नव्हतं. गप्प बसली असती तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. तिच्या घरात अशा वेळी गप्पच बसायची रीत होती.

“ते आपोआप सुरू झालं नाही,” ती म्हणाली.

सगळे वळले.

“जुना राउटर जळाला. नवा आणलाय. तो सध्या जुन्याची ओळख सांगत फिरतोय.”

“म्हणजे तोतया?” पोस्टमास्तरांनी विचारलं.

“हो. तोतया.”

“पण चालतोय ना?”

“चालतोय.”

“मग चालू दे की. आमच्या खात्यात निम्मे तसेच चालायचे.”

“उद्या हा जळाला, की पुन्हा हेच. मला प्रत्येक जुन्या छपरावर चढून एक ओळ काढावी लागेल. थोडा थोडा वेळ प्रत्येकाचं नेट जाईल.” ती थांबली. “हात लावायचा नसेल, तर कंपनीला द्या. नुसतं लक्ष ठेवायला मी नको. त्याला एखादं बुजगावणं पुरेल.”

टायवाल्याने वहीत काहीतरी आनंदाने लिहिलं. अध्यक्षांनी घसा खाकरला. “संध्याकाळपर्यंत निर्णय कळवतो,” ते म्हणाले, आणि बाहेर पडताना तिच्याजवळ येऊन पुटपुटले, “दुपारी घरी ये.”

अध्यक्षांच्या बैठकीच्या खोलीत शोकेस होतं. त्यात दोन ढाली, एक काचेचा हत्ती आणि मधोमध, क्रोशाच्या रुमालावर, जावयाचा राउटर. चार शिंगांचा, काळा, निळे दिवे लुकलुकवत. त्याच्या मागून वायर निघून जिन्याकडे गेली होती. तो तिथे बसून हाक आली की ओ देत होता, स्वतःचा नसलेल्या पत्त्याला. फक्त जुन्या घरांना त्याचं ऐकायची बंदी होती. तिने खिळे उपटले, की ती बंदी उठणार आणि सगळी जुनी घरं पुन्हा या शोकेसमध्ये येऊन बसणार.

निर्णय ज्याच्या हातात, त्याच्याच शोकेसमध्ये दोष. चहा आला. तिने एक घोट घेतला.

“काका, छपरांवरचं काम करायच्या आधी एक गोष्ट करावी लागेल,” ती म्हणाली. “तुमच्या जावयांनी दिलेला हा डबा. याची वायर चुकीच्या भोकात आहे. पहिल्यापासून. त्यानेच त्या वेळी सगळ्यांचं नेट गेलं होतं.”

बोलून झाल्यावर खोली तशीच होती. हत्तीसुद्धा जागेवर होता.

अध्यक्षांनी कप बशीत ठेवला. “मला माहीत आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“जावईच पुढच्या खेपेला आला तेव्हा म्हणाला, पप्पा, वायर चुकीच्या जागी आहे. पण तोपर्यंत तुझे वडील सगळी छपरं फिरून आले होते. काळेठिक्कर झाले होते. मला म्हणाले, अध्यक्ष, हवेत दोष होता, काढला. आता मी त्यांना काय सांगू, दोष हवेत नव्हता, माझ्या काचेच्या कपाटात होता? एवढ्या उन्हात फिरलेला माणूस. त्यांना काय वाटलं असतं?”

“मग वायर तरी काढून टाकायची गुपचूप.”

“दिवे विझले असते ना. गच्चीवर जाताना ते इथूनच जायचे. प्रत्येक वेळी याच्याकडे बघायचे. म्हणायचे, वा, छान दिसतो. विझलेला दिसला असता, तर विचारलं असतं. मग सगळंच निघालं असतं.”

तिला हसू आलं. ते हसू म्हणून टिकलं नाही. ती उठून शोकेसशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. अध्यक्षांनी एक बिस्कीट उचललं आणि ते न खाता हातात धरून ठेवलं. दोन माणसांनी एकमेकांचं मन राखलं होतं, त्यासाठी सगळी वसाहत खिळ्यांनी ठोकली होती, आणि त्यातला एक आता नव्हता.

“काढू?” तिने न वळता विचारलं.

“काढ.”

दोन बोटांचंच काम होतं. निळे दिवे विझले, एक तेवढा राहिला.

“जावई विचारतील.”

“सांगेन, चुकीची होती, तारवाल्यांच्या मुलीने काढली.” ते थबकले. “तिचंच आहे म्हणावं आता ते काम. सगळ्यांना तेच कळवतो. पोस्टमास्तर रुसतील.”

“रुसू देत.”

“हं,” अध्यक्ष म्हणाले, जणू हा मार्ग त्यांना आजवर सुचलाच नव्हता. मग त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. शिडी धरायला कुणीतरी हवंच असतं, म्हणाले.

शिवणवाल्या काकू दारात आल्या. “आता काय बंद करतेस? चालू होतं ना चांगलं?”

“थोडाच वेळ, काकू.”

“करू द्या तिला,” अध्यक्ष खालून म्हणाले.

छपरावर ऊन तापलं होतं. तिने वायर जोडली, यादी उघडली, ‘कायम’ लिहिलेली ओळ निवडली. डब्याने विचारलं, नक्की काढायची आहे? असं तो कुठल्याही ओळीला विचारतो. तिने वडिलांनी एकेक करून भरलेला तो आकडा शेवटपर्यंत वाचला.

“अडलं का काही?” खालून आवाज आला.

“नाही,” ती म्हणाली आणि बटण दाबलं.

उतरून तिने शिडी पुढच्या घराला लावली. अध्यक्षांनी ती घट्ट धरली, पण बाजूला उभं राहून, एकाच हाताने, म्हातारी माणसं छत्री धरतात तशी. अशाने शिडी घसरली असती. ती दोन पायऱ्या चढली, थांबली आणि खाली उतरली.

“काका,” ती म्हणाली, “शिडी अशी नाही धरत. समोर या.”

ते समोर आले.